आफ्रिका सफारी : केनिया की टांझानिया? आणि मुख्य म्हणजे कधी?

शेवंता
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं घोळत असलेलं आफ्रिकेचं यंदा मनावर घेतलंय. आम्ही चौघं, मी, नवरा, लेक (वय ९) आणि माझी आई (वय ६९, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय पण हौस आमच्यापेक्षा जास्त). ताडोबा दोनदा, कान्हा एकदा झालंय, त्यामुळे जिप्सीत आपटत जायची सवय आहे. नवऱ्याच्या डोक्यात एकच आहे, नदी ओलांडणारे ते हजारो विल्डबीस्ट (गुरांसारखी दिसणारी हरणं) आणि खाली मगरी. माझ्या डोक्यात शाळेची सुट्टी, म्हणजे मे किंवा दिवाळी. आईला हत्ती बघायचेत, बाकी काही नको म्हणते. केनिया करावं की टांझानिया, एजंटकडून की आपलं आपण, तयारी काय, सगळं सांगा. बजेट अगदी ताणलेलं नाही पण उधळायचंही नाही.

खडीसाखर
रुमाल टाकून ठेवते. आमचंही असंच पाच वर्षं घोळतंय.

लेन्सवाला
क्रॉसिंग बघायचं तर जुलैअखेर ते सप्टेंबर, केनियातलं मसाई मारा. विषय संपला. मे महिन्यात ते सगळे कळप खाली टांझानियात, सेरेंगेटीत असतात. शाळेला आठ दिवस दांडी मारली तर पोरगी नापास होणार नाही.

शेवंता
@लेन्सवाला, ऑगस्टमध्ये युनिट टेस्ट, मग गणपती. गणपती आमच्याकडे पाच दिवसांचे असतात आणि सासूबाईंना "आम्ही मगरी बघायला चाललोय" हे तुम्ही फोन करून सांगणार असाल तर नंबर देते.

बंडूनाना
मला एक कळत नाही, आपल्याकडे वाघ आहे, तो त्यांच्याकडे नाही. मग इतके पैसे घालून तिकडे गवत खाणाऱ्या गुरांची रांग बघायला का जायचं? आमच्या गावी रोज संध्याकाळी बघतो. (कृपया हलके घ्या)

लेन्सवाला
नाना, ताडोब्यात सहा सफाऱ्या करून एका वाघाची पाठ दिसली होती मला. माराला पहिल्या तासात सात सिंह.

बंडूनाना
म्हणूनच त्यांना किंमत नाही :-)

नैरोबीकर
पंधरा वर्षं नैरोबीत आहे, पाहुणे घेऊन मारा इतक्या वेळा केलंय की ड्रायव्हर लोक मलाच टीप देतील. थोडं सविस्तर लिहितो.

मे महिना : मार्च ते मे इकडचा मोठा पाऊस. माराची जमीन म्हणजे आपल्या विदर्भातली कपाशीची काळी माती, अगदी तीच. ओली झाली की चिखलात लँड क्रूझरसुद्धा रुतते. पाऊस रोज दिवसभर नसतो, बऱ्याचदा दुपारनंतर येतो, गर्दी नसते, कँप स्वस्त असतात आणि हिरवंगार दिसतं. पण गवत कमरेएवढं, त्यात चित्ता झोपला असेल तर तुम्ही शेजारून जाल. नोव्हेंबरमध्ये छोटा पाऊस असतो, तो एवढा त्रास देत नाही.

फी : माराची फी बाहेरच्या लोकांना जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे माणशी, २०२४ पासून. ते तिकीट १२ तासांचं असतं. मुलांना कमी. म्हणजे तीन मोठी माणसं दिवाळीत चार दिवस राहिली तर २४०० डॉलर नुसते गेटवर. एजंटच्या पॅकेजमध्ये ही फी धरलीय का ते पहिल्यांदा विचारा, कारण स्वस्त पॅकेजची मेख तिथेच असते.

रिझर्व्हच्या बाहेर लागून मसाई लोकांच्या जमिनींवर कॉन्झर्व्हन्सी आहेत, मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोटोरोगी वगैरे. तिथे गाड्या मोजक्या, रस्ता सोडून गाडी नेता येते, रात्रीची सफारी होते, चालत फिरता येतं. महाग आहे पण प्राणी बघण्याचं समाधान तिथे आहे. रिझर्व्हमध्ये रस्ता सोडला तर दंड.

नैरोबीहून नारोकमार्गे गाडीने पाच-सहा तास लागतात, वाटेत रिफ्ट व्हॅलीचा देखावा आणि त्याच्या शेजारी लाकडी जिराफांची दुकानं. आईंना ते जमणार नसेल तर विल्सन विमानतळावरून छोटी विमानं आहेत, पाऊण तासात पोचवतात, पण सामान १५ किलो आणि तेही मऊ पिशवीत. कडक चाकाची बॅग घेतच नाहीत. आणि हो, प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर केनियात २०१७ पासून बंदी आहे, चपला आणि ओले कपडे बांधून आणायला कापडी पिशव्या घ्या.

खडीसाखर
@नैरोबीकर वाचनखूण साठवली. एवढं माहीत असून आम्हाला कधी बोलावलं नाहीत.

नैरोबीकर
या की. सफारी म्हणजे स्वाहिलीत नुसता प्रवास, मी नाशिकला आलो तरी इथले लोक "सफारी न्जेमा" म्हणून निरोप देतात. मूळ अरबी, म्हणजे आपल्या सफरीची सख्खी बहीण. गाडीला इथे गारीच म्हणतात, दुकानाला दुका, विम्याला बिमा, आणि चपाती-चाय तर जशीच्या तशी. झेब्रा म्हणजे पुंडा मिलिया, पट्ट्यांचं गाढव.

बंडूनाना
पट्ट्यांचं गाढव! आमच्या हापिसात एक साहेब फक्त पट्ट्यांचेच शर्ट घालायचे. आज नाव सापडलं.

गोदाकाठ
आम्ही टांझानिया केलं, गेल्या फेब्रुवारीत. दक्षिण सेरेंगेटी, एंडुटू भाग. त्या दिवसात तिथे विल्डबीस्टची वीण होते, नजर जाईल तिथपर्यंत माद्या आणि पिल्लं. जन्मलेलं पिल्लू काही मिनिटांत उभं राहतं आणि लगेच पळायला लागतं, कारण चित्ते आणि तरस टपलेलेच असतात. माझ्या समोर एक पिल्लू उभं राहायची धडपड करत होतं, चार वेळा पडलं, पाचव्यांदा उभं राहिलं तेव्हा गाडीतले आम्ही सहा जण टाळ्या वाजवणार होतो, ड्रायव्हरने तोंडावर बोट ठेवलं. नदी ओलांडणं नाही बघितलं तर काही बिघडत नाही असं माझं मत झालंय. हे स्थलांतर कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं असं नाहीच, वर्षभर पावसामागे गोल फिरत असतात. तुम्ही कधी जाता त्यावर तुम्हाला त्यातला कुठला तुकडा दिसणार ते ठरतं.

एन्गोरोन्गोरोचं विवर चुकवू नका. ६०० मीटर खोल उतरायचं, खाली २६० चौरस किलोमीटरचं ताट वाढून ठेवलेलं. गेंडा तिथे दिसला, लांब, काळा ठिपका, पण दिसला. फक्त लक्षात घ्या, सेरेंगेटी १४,७६३ चौरस किमी आहे, मारा त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा. टांझानियात गाडीत बसणं जास्त. अरुशाहून निघालात की रोज चार-पाच तास धूळ आणि खडखड. आमच्याबरोबरच्या ७२ वर्षांच्या काकांची पाठ तिसऱ्या दिवशी धरली.

अजून एक कोणी सांगत नाही ते. मधे स्वच्छतागृहं मोजकी. ड्रायव्हरला सांगायचं "कुचिम्बा दावा". शब्दशः अर्थ औषध खणून काढणे! मग तो आजूबाजूला नीट बघून गाडी उभी करतो आणि गाडीच्या मागे जायचं. सासूबाईंनी हा शब्द पाठ केला, अजून घरी वापरतात.

शेवंता
@गोदाकाठ हसून मेले. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली औषध खणायला गुडघे लागतात.

डॉ_वैशंपायन
गुडघ्यांपेक्षा महत्त्वाचा मुद्दा अजून कोणी काढला नाही म्हणून लिहितोय. केनिया आपल्या सरकारच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहे, टांझानियाचं निघण्याआधी तपासून घ्या. यादीतल्या देशातून परत येताना लस घेतल्याचं प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, आधी वेळ घ्यावी लागते, निघण्याच्या किमान १० दिवस आधी टोचलेली असावी लागते. एकदा घेतली की आयुष्यभर चालते, पूर्वीचा दहा वर्षांचा नियम २०१६ ला गेला.

पण ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदा घेणाऱ्यांना गंभीर दुष्परिणामांचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो, थोडा पण जास्त. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, हे असेल तर नाहीच. आईंच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. सूट असल्याचं पत्र मिळतं, पण परत आल्यावर विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्यासमोर ते ठेवायचं आणि तो काय म्हणतो ते बघायचं, सत्तरीला आलेल्या बाईंना असल्या भानगडीत का घालायचं. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या, प्रत्येकाला वेगळी सोसते.

शेवंता
डॉक्टर, मनापासून आभार. हे आमच्या गावीच नव्हतं. दोन एजंटांशी बोलले, दोघांनी "छोटंसं इंजेक्शन असतं" एवढंच सांगितलं. आईला संधिवाताची गोळी चालू आहे, तीच प्रतिकारशक्तीवाली. म्हणजे प्रश्नच मिटला का?

चकलीप्रेमी
एजंटांचं काय सांगता. नाव घेत नाही पण एका टूर कंपनीबरोबर ३४ जणांच्या ग्रुपात गेलो होतो. सात दिवसात चार पार्क. रोज पहाटे बॅगा भरा, रोज नवीन खोली. व्हॅनमध्ये सात जण, छत वर उचललं की सगळे उभे, मागच्या सीटवर मला कायम कुणाचा तरी कोपर आणि क्षितिजावर हत्ती. संध्याकाळी अंताक्षरी. आमरस मात्र दिला, नैरोबीत! तर माझं म्हणणं एवढंच की एका ठिकाणी निदान तीन रात्री रहा आणि गाडी आपली वेगळी घ्या, मग पार्क एक कमी झाला तरी चालेल.

लेन्सवाला
+१. आणि आता खरं सांगतो, मी वर जोरात लिहिलं पण क्रॉसिंगसाठी मी तीन दिवस नदीवर बसलोय. पहिल्या दिवशी सहा तास. हजारोंचा कळप काठावर आला, धूळ, डरकाळ्या नाही पण ते त्यांचं घूं-घूं, चाळीस-पन्नास गाड्या दबा धरून. एक झेब्रा खाली उतरला, पाणी प्यायला, वर आला, आणि त्याच्यामागे सगळा कळप वळून निघून गेला. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. तिसऱ्या दिवशी पंधरा मिनिटांचं क्रॉसिंग झालं आणि ऐन वेळी समोर दुसरी गाडी आली. नऊ वर्षांची मुलगी गाडीत सहा तास बसेल का ते तुम्ही ठरवा.

चालक_मालक
सगळे केनिया-टांझानियात अडकलेत म्हणून वेगळी पुडी सोडतो. मे महिना, लहान मूल, म्हातारं माणूस, पिवळ्या तापाची लस नको. याचं उत्तर दक्षिण आफ्रिका, क्रूगर राष्ट्रीय उद्यान. तिथे मे म्हणजे कोरडा मोसम सुरू होतो, गवत कमी होऊ लागतं, प्राणी पाण्यावर यायला लागतात. दक्षिण आफ्रिका पिवळ्या तापाच्या यादीत नाही. फक्त जाताना-येताना विमान नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे घेऊ नका, दुबई-दोहामार्गे घ्या, म्हणजे कटकटच नको.

आणि सगळ्यात भारी म्हणजे गाडी आपली आपण चालवायची. आपल्यासारखंच डाव्या बाजूने. डांबरी रस्त्यावर ५० चा वेग, कच्च्यावर ४०. ठरलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही. मनात आलं तर हत्तीजवळ तासभर थांबा, कंटाळा आला तर खोलीवर जाऊन झोपा, ड्रायव्हरचं तोंड बघायला नको. मुक्काम सरकारी रेस्ट कँपमध्ये, स्कुकुझा, लोअर साबी, साताराला. साधे बंगले, फ्रिज, बऱ्याच ठिकाणी स्वैपाकाची सोय. तुमच्या आईंना पाय दुखले की घरी, म्हणजे बंगल्यावर. मी दोनदा गेलोय, दोन्ही वेळा केनियाच्या निम्म्यापेक्षा कमी खर्चात.

तोटे पण सांगतो, व्हिसाला वेळ लागतो, दोन-अडीच महिने आधी कामाला लागा. आणि लायसन्सबरोबर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, गाडी देणारे मागतात.

लेन्सवाला
क्रूगर म्हणजे डांबरी रस्ता, कुंपण आणि सिंहाभोवती बारा मोटारी. गाडीची खिडकी म्हणजे फोटोसाठी सगळ्यात वाईट उंची. पेट्रोल पंप आहे हो आत! जंगलात पेट्रोल पंप!

चालक_मालक
आणि माराला पन्नास गाड्या म्हणजे तपोवन? १९,००० चौरस किलोमीटरच्या वर पसरलंय क्रूगर. एकदा सकाळी दोन तास एकही गाडी दिसली नाही मला. आणि कुंपणाचं म्हणाल तर नैरोबीचं पार्क शहराला लागून आहे, त्याचे फोटो तुम्ही कौतुकाने टाकता.

नैरोबीकर
मला मधे ओढू नका :-) पण चालक_मालक यांचं शेवंता यांच्यापुरतं बरोबर आहे. मी केनियावाला असून सांगतो, आईंना लस जमत नसेल तर मे महिन्यात इकडे येऊ नका.

बंडूनाना
धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत पॉपकॉर्न आणतो.

मीठभाकर
शाकाहारी लोकांचं काय होतं तिकडे? कोणी लिहिलंच नाही.

नैरोबीकर
केनियात चिंताच नको, गुजराती लोक इथे चार-पाच पिढ्यांपासून, सरकारने २०१७ मध्ये आशियाई वंशाच्या केनियन लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. पार्कलँड्स भागात फिरलात तर ढोकळा शोधावा लागत नाही, तोच तुम्हाला शोधतो. माराच्या लॉजमध्येही आधी कळवलं तर डाळ-भात करतात.

चालक_मालक
क्रूगरला हातानेच करायचं. जोहान्सबर्गला फोर्ड्सबर्ग भागात डाळ, तांदूळ, मसाले, कोथिंबीर सगळं मिळतं, गाडीत भरा. पिकनिकच्या जागांवर गॅसवरचा मोठा तवा भाड्याने देतात, स्कॉटल म्हणतात त्याला. त्याच्यावर कांदेपोहे केलेत मी. शेजारचं आफ्रिकानर कुटुंब सॉसेज भाजत होतं, त्यांनी वास घेऊन बशी पुढे केली.

गोदाकाठ
तयारीचं राहिलंच. काळे आणि गडद निळे कपडे नकोत, त्सेत्से माशीला तेच आवडतात, आणि चावते ती जीन्समधून. लष्करी छापाचे तर अजिबात नको, केनियात कायद्यानेच मनाई आहे. "आफ्रिका म्हणजे ऊन" समजून गेलो आणि पहाटे उघड्या गाडीत कुडकुडलो. स्वेटर, कानटोपी घ्या. दुर्बीण मात्र माणशी एक. एका दुर्बिणीवरून आमच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी वीस वर्षांच्या संसारात नाहीत. ८ बाय ४२ पुरते, त्याहून मोठी हातात हलते.

लेन्सवाला
कॅमेऱ्यासाठी रिकामी कापडी पिशवी न्या आणि तिथे तांदूळ भरा, खिडकीवर टेकवायला ट्रायपॉडपेक्षा बरी. परत येताना त्याचा भात करा. ड्रोन न्यायचाच नाही.

शेवंता
सगळे प्रतिसाद प्रिंट काढून आईसमोर ठेवले. डॉक्टरांनी लस नको असं स्पष्ट सांगितलं. तर मे महिन्यात क्रूगर, नऊ रात्री, तीनच कँप, गाडी आपली. नवऱ्याचं तोंड दोन दिवस क्रॉसिंग फिरवलेल्या झेब्र्यासारखं होतं. त्याला ऑगस्टात कधीतरी एकट्याने लेन्सवाल्यांबरोबर नदीवर बसायला पाठवेन म्हटल्यावर खुलला.

लेन्सवाला
पाठवा. तांदूळ त्यांच्याकडून.

शेवंता (जून)
आलो परत! धाग्याला विसरले नव्हते, कपडे धुणं संपत नव्हतं.

नवरा पहिल्या दिवशी "काय हे, पेट्रोल पंप" म्हणाला (लेन्सवाले, तुमचा शिष्य). दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला रस्त्याच्या मधोमध सिंहीण बसलेली, मागे पाच छावे, आम्ही एकटेच. त्याने इंजिन बंद केलं आणि वीस मिनिटं श्वाससुद्धा बेतानेच घेतला. नंतर बारा मोटारी आल्याच म्हणा, पण पहिली आमची होती. जंगली कुत्री दिसली, तेरा, हे तर आम्ही मागितलंच नव्हतं. बिबट्या नाही. गेंडा दिसला पण कुठे ते लिहू नये म्हणतात, शिकाऱ्यांमुळे, म्हणून लिहीत नाही.

लेक गाडीत कंटाळेल ही भीती खोटी ठरली, वहीत यादी करत होती, पक्षी धरून ९१. तिला सगळ्यात आवडला तो शेणकिडा.

मे असूनही पहाटे हातमोजे लागले. संध्याकाळी साडेपाचला कँपचं गेट बंद होतं. एकदा वाटेत हत्तींचा कळप आडवा आला, पुढे जाता येईना, मागे वळता येईना, आणि घड्याळात पाच दहा. पाच अठ्ठावीसला आत शिरलो. फ्रिज व्हरांड्यात असतो आणि त्याला कडी लावायची असते. आम्ही लावली नाही. बबूनने पाव, केळी आणि लिंबाचं लोणचं नेलं. लोणच्याची बरणी झाडाखाली परत मिळाली, अर्धी. त्याला तिखट लागलं असावं.

आणि आई. लोअर साबी कँपच्या बाहेर लगेच एक तळं आहे, सनसेट डॅम, रस्ता अगदी पाण्याच्या काठाला. तिथे गाडी लावली की पाणघोडे, मगरी, बगळे, करकोचे सगळं खिडकीतून. आईने तिसऱ्या दिवसापासून लांबच्या चकरांना यायचं बंदच केलं. म्हणायची, "मला तळ्यावर घेऊन चला, मी बसते." चौथ्या दिवशी संध्याकाळी समोरून हत्तीण आली, मागे पिल्लू, इतकं लहान की त्याला सोंडेचं काय करायचं ते कळत नव्हतं, सारखं सोंडेवरच पाय देत होतं. आई काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तू अशीच ओढणीवर पाय द्यायचीस."

गोदाकाठ
अगं किती छान लिहिलंस. पिल्लाचा फोटो टाक ना.

शेवंता
फोटो आईच्या मोबाइलवर काढलेत, तिनेच. सगळ्यात शेपूट आणि गाडीचा आरसा आहे. त्यातल्या त्यात बरा शोधून टाकते.

बंडूनाना
शेपटीचा पण चालेल. वाघाची पाठ चालते तर हत्तीची शेपूट का नको.